द्वारकीचा उतार

आमच्या घरमालकांना स्वतःच्या घराचा पत्ता ठाऊक होता, पण ते तो कुणाला सांगत नसत. कुरियरवाल्याचा फोन आला की ओटीवर यायचं, एक हात कमरेवर ठेवायचा आणि सुरू व्हायचं : "बोर्लीवरनं निगालास कं? हां. मंग डांबरी सोडू नको. म्होरं मोठी चिंच लागंल. चिंचंच्या म्होरं कातळ. कातळाच्या म्होरं गाडी आपसूक पळाया लागते, इंजिन बंद केलंस तरी चालंल. तितनं उजवीकडं वळ. सुपारीची वाडी दिसंल, तीच आपली."

पलीकडचा मुलगा सरळ मनाने विचारायचा, "म्हणजे द्वारकीच्या उतारावर ना?"

त्यावर फोन बंद. पार्सल परत. माझी पावसाळी बुटांची एक जोडी अशीच अलिबागच्या गोदामात मुक्काम करून करून म्हातारी झाली. शेवटी मीच जाऊन ती घेऊन आले.

मी त्या वेळी सागरी महामार्गाच्या रुंदीकरणावर साइट इंजिनिअर होते. मी लातूरकडची. एवढं पाणी एका जागी आणि त्याच्यापुढे हंड्यांची रांग नाही, याचंच मला पहिले काही आठवडे नवल वाटे. आमच्या ठेकेदाराने बोर्ली पंचतनच्या अलीकडच्या एका गावात माझ्यासाठी माडीवरची खोली घेतली आणि खोलीबरोबर मला हे घरमालक मिळाले. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं पूर्ण नाव इथे लिहीत नाही. नावांचा त्यांना आयुष्यात पुरेसा त्रास झालेला आहे.

भाडं, पाणी, दिवे, येणं-जाणं, यातल्या कशावरही त्यांची अट नव्हती. अट एकच. सामान वर चढवायच्या आधी त्यांनी मला जिन्याशी थांबवलं, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाय, रस्ता तुला केवडा रुंद करायचा तेवडा कर. पन या घरात त्या उताराचं नाव काडायचं न्हाय. आमच्या हिला तरास होतो."

'ही' म्हणजे त्यांची बायको. तिचं नाव द्वारकाबाई.

हे नाव उताराला कसं लागलं ते सांगायचं तर आधी या रस्त्याबद्दल सांगायला हवं. रस्ता एक, नावं पुष्कळ. भाऊंच्या आजोबांच्या तोंडी ती नुसती गाडीवाट होती. पुढे रोजगार हमीच्या कामावर गावच्या बायकांनी खडी फोडून तो केला तेव्हा 'हमीचा रस्ता' झाला. म्हाताऱ्या बायका अजून त्याला हमीचाच म्हणतात, आणि खडी त्यांनी फोडलेली असल्यामुळे त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही. मग त्याला सरकारी क्रमांक मिळाला, जो कुणाच्याच लक्षात राहिला नाही. मग सागरी महामार्ग. हे नाव नकाशावर फार दिवस होतं आणि रस्ता मात्र दर खाडीशी येऊन थांबत होता. भाऊ म्हणत, "महामार्ग येकदम झकास हाय. फक्त मदी मदी पानी हाय." आता शनिवारी-रविवारी मुंबईहून येणारे त्याला 'कोस्टल' म्हणतात आणि त्याच्या कडेला उभे राहून फोटो काढतात.

पण ही झाली अख्ख्या रस्त्याची नावं. त्याच्या वळणांना, उतारांना, लहान-मोठ्या पुलांना गाव स्वतः नाव ठेवतं, आणि त्याची पक्की रीत आहे. तिथे जो पहिला पडला, त्याचं नाव. श्रीवर्धनच्या बाजूला एक 'भटजीचं वळण' आहे. सत्यनारायणाला निघालेले एक भटजी तिथे सायकलीसकट निवडुंगात गेले होते. पुढच्या पुलाला 'बर्फाचा पूल' म्हणतात, कारण मासळीसाठी बर्फ घेऊन निघालेला टेम्पो तिथे आडवा झाला आणि त्या दिवशी पंचक्रोशीने थंड सरबत प्यायलं. 'वरातीचा फाटा' कसा झाला असेल ते तुम्हीच समजा. कुणाचा जीव गेला तर मात्र त्या जागेला नाव देत नाहीत. तिथे नारळ ठेवतात आणि गाडी हळू करतात. नाव मिळतं ते पडून उठलेल्याला. एकदा मिळालं की मग मागून कितीही जण पडोत, ते बदलत नाही.

द्वारकाकाकी पडल्या तेव्हा त्यांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. भाऊंनी निळी स्कूटर घेतली होती, गावातली पहिली. दोघं बाजार करायला बोर्लीला निघाली. पुढे भाऊ, मागे काकी, काकींच्या मांडीवर रिकाम्या पिशव्या. उतारावर खड्डा आला, स्कूटर उडाली आणि खाली आली. काकीही खाली आल्या, पण स्कूटरवर नव्हे, जरा बाजूला. समोरून भरलेली एसटी येत होती. सगळ्या खिडक्यांनी ते पाहिलं. गाडी थांबली, बायका-पुरुष उतरले, कुणी पाणी दिलं, कुणी साडीला चिकटलेलं कुसळ काढलं. काकींना कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. त्याच एसटीने त्या घरी परत आल्या.

भाऊ बोर्लीला पोचले. भाजीवालीपुढे स्कूटर उभी केली, वांगी निवडली आणि न वळता मागे हात करून म्हणाले, "अगो, पिशवी दे." पिशवी आली नाही. पुन्हा म्हणाले. मग वळून पाहिलं. ती भाजीवाली पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना सांगत असे की त्या वेळी भाऊंचं तोंड निवडलेल्या वांग्यांपेक्षा काळं झालं होतं.

ते धापा टाकत घरी आले तेव्हा काकी भात ओतत होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या : "मी आता तुमच्या गाडीवर बसनार न्हाय." आणि खरंच बसल्या नाहीत. एसटीने बातमी दोन्हीकडच्या गावांना पोचवली आणि उताराला नाव लागलं. तेही द्वारकाबाईचा नव्हे. द्वारकीचा.

भाऊंनी या सगळ्याचा सरळ अर्थ लावला. बाईमाणसाचं नाव रस्त्यावर आलं, कंडक्टर ते दिवसातून दहा वेळा ओरडतो, म्हणून ती रुसली. नाव पुसलं की रुसवा जाईल आणि ती परत मागे बसेल. त्यांना दुसरं काही नको होतं. सुपारीची वाडी होती, नारळ होते, मुलगी पनवेलला सुखात होती. हवी होती ती मागच्या सीटवर बायको. त्यासाठी हा माणूस जवळजवळ तीस वर्षं एका उताराशी भांडत होता.

तीस वर्षं त्यांचा नेम ठरलेला होता. काकी बाजाराला निघाल्या की एसटीत बसत आणि भाऊ एसटीच्या मागे स्कूटरवर जात. मागची सीट मोकळी, पुसून लख्ख. एसटी थांबली की तेही थांबत. येताना भरलेल्या पिशव्या स्कूटरवर आणि काकी एसटीत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, एसटीला सुरक्षा दिली आहे.

भाऊंचं बोलणं हा आणखी एक प्रकार होता. डोळे उघडले की तोंड उघडत असे. मी साइटवर निघाले की ते बोलत बोलत फाटकापर्यंत येत आणि मी जीपमधून निघून गेले तरी वाक्य पुरं करत. एकदा हेल्मेट विसरले म्हणून मी परत आले, तर भाऊ फाटकाशीच उभे होते आणि डांबरात पाणी का मुरतं ते मी मघाशी उभी होते त्या जागेला समजावून सांगत होते. मला पाहिलं, पण थांबले नाहीत. मी हेल्मेट घेऊन पुन्हा गेले. मला हा माणूस मनापासून आवडायचा, पण रविवारी मी त्याला चुकवून मागच्या दाराने बाहेर पडत असे.

काकी अगदी उलट. शब्द सुपारीसारखे कातरून बारीक करायच्या आणि त्यातलाही एखादाच द्यायच्या. मी एकदा त्यांच्याबरोबर एसटीने आले. घराजवळचा थांबा त्याच उतारावर. कंडक्टरने घंटी मारली आणि ओरडला, "द्वारकीचा उतार! द्वारकीला कोन हाय?"

"मीच हाय," काकी म्हणाल्या आणि उतरल्या.

मागून स्कूटरवर येणाऱ्या भाऊंनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. मलाही काकींची दया आली. त्यांचं तोंड नेहमीसारखंच होतं, पण अशा वेळी माणूस दुसऱ्याच्या तोंडावर आपल्याला हवं ते वाचतो.

हे नाव हटवायला भाऊंनी काय काय केलं ते गावात कुणालाही विचारा, चहा पाजून सांगतील. आधी त्यांनी पत्र्यावर 'विसावा वळण' असं सुरेख अक्षरात रंगवून पाटी ठोकली. गावाला पाटी आवडली. टपरीवर लोक एकमेकांना विचारत, "भाऊंची पाटी बघितली का?" "कुठं लागलीये?" "द्वारकीच्या उतारावर."

मग कंडक्टर. भाऊंनी त्यांना श्रीवर्धनी सुपारीच्या पिशव्या दिल्या आणि हात जोडले, की बाबांनो, दुसरं काय पण ओरडा. कंडक्टर माणुसकीला जागले. दुसऱ्या दिवसापासून ते अदबीने ओरडू लागले, "द्वारकाबाईंचा उतार!" म्हणजे आधी नुसतं नाव होतं, आता त्याला मानही आला. भाऊंनी पुढच्या हंगामात सुपारी दिली नाही, तेव्हा ते पुन्हा द्वारकीवर आले.

शेवटी भाऊ स्वतः पडले. रीत पहिल्या पडणाऱ्याची असली तरी पडणं जर तोलामोलाचं असेल तर गाव विचार करील, असा त्यांचा हिशेब. ते एसटीची वेळ साधून, सगळ्या खिडक्या दिसतील अशा बेताने, स्कूटरसकट गटारात गेले. नाव काही बदललं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेले, या खेपेला डोक्यावर नारळाची टोपली घेऊन. नारळ पार खाली वाडीच्या फाटकापर्यंत गडगडले. खांद्याचं हाड मोडलं, श्रीवर्धनच्या दवाखान्यात पट्टा बांधून पडले. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी हळहळे आणि मग विचारे, "भाऊ, द्वारकीच्या उतारावर कसे काय पडलात?"

काकी त्यांना पेज भरवत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "येकदा पडनं जमलं न्हाय तर परत कशाला?"

मी गावात आले ती अशा या लढाईच्या अखेरीला. आमच्या आराखड्यात तो उतार कापायचा होता. कातळ फोडून रस्ता सपाट करायचा, वळण सरळ करायचं. मी हे सहज जेवताना बोलून गेले आणि भाऊंच्या हातातला घास तसाच राहिला.

"म्हंजे उतार ऱ्हानारच न्हाय?"

"नाही."

"अजाबात?"

"अजिबात."

त्या दिवसापासून ते खोदाईच्या जागी सकाळी हजर. पोकलेनच्या ड्रायव्हरला शहाळं, रोलरवाल्याला शहाळं. "खोल काप, बाबा. आळस करू नको. आनखी थोडं घे." माझ्या नकाशात त्या जागेला फक्त आकडा होता, तो त्यांनी दहा वेळा बोट ठेवून वाचला. "सरकार शानं हाय," ते म्हणाले. "आकड्याला कोन हसनार?" तीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच सरकार आवडलं होतं. त्यांनी स्कूटरची मागची सीट नव्याने शिवून घेतली. लाल रेक्झिन. मी विचारलं तर म्हणाले, आता कधीपन लागंल.

उतार कापला. रस्ता टेबलासारखा सपाट झाला. आणि एसटी येऊन त्या सपाट रस्त्यावर थांबली, आणि कंडक्टर ओरडला, "द्वारकीचा उतार!"

भाऊ मातीच्या ढिगावर बसून राहिले. मी जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, "भाऊ, आता तिथे बसथांब्याची शेड होणार आहे. तिच्यावर नाव घालायचंय. ते ग्रामसभेत ठरणार. एकदा सरकारी पाटीवर दुसरं नाव चढलं की हळूहळू लोक विसरतील." ते इतके झटक्यात उठले की ढिगावरची माती माझ्या डब्यात पडली.

ग्रामसभेला शाळेची पडवी भरली होती. या गावाला दोन वाड्या, वरची आणि खालची, आणि कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकमत होत नाही. वरच्या वाडीने आपल्या देवीचं नाव सुचवलं. खालच्या वाडीने आपल्या देवाचं. मग वरच्या वाडीने आपला एक दिवंगत पुढारी काढला, तेव्हा खालच्या वाडीनेही एक काढला. वरच्यांनी खालच्यांच्या पुढाऱ्याबद्दल काही सांगितलं, खालच्यांनी वरच्यांच्या पुढाऱ्याबद्दल त्याहून जास्त सांगितलं. मी ठेकेदाराच्या वतीने एका बाकावर बसले होते आणि मला दोन्ही बाजूंनी चहा येत होता.

सरपंचबाई कंटाळल्या. म्हणाल्या, "असं करा. ज्या नावाला कोनाचाच इरोध न्हाय असं येक तरी सांगा."

मग मागून कुणी तरी म्हणालं, "द्वारकीचा उतार हायच की."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. वरच्या वाडीला द्वारकी चालत होती, खालच्या वाडीलाही चालत होती. तिला देव नव्हता, पक्ष नव्हता. हात वर जाऊ लागले. ग्रामसेवकाने घाम पुसला, म्हणाला की या गावात सगळे हात एकदम वर गेलेले तो पहिल्यांदाच पाहतोय.

भाऊ उभे राहिले. ते काय काय बोलले ते सगळं सांगत बसत नाही. हमीच्या रस्त्यापासून सुरुवात करून ते खाडीपर्यंत गेले आणि परत आले. शेवटी त्यांचा आवाज फाटला. "तुमी हसता, रे. पन जिचं नाव हाय तिला इचारा की येकदा! तीस वर्सं ती या नावापायी माज्या गाडीवर बसली न्हाय. तुमाला काय? तुमी पाटी लावाल आन घरी जाल."

सरपंचबाई बायकांच्या घोळक्याकडे वळल्या. "द्वारकाकाकी, तुमचं काय म्हननं?"

काकी उठल्या. पदर सारखा केला.

"ठेवा," त्या म्हणाल्या.

"काय ठेवा?" भाऊंनीच विचारलं.

"नाव. ऱ्हाऊ द्या. वरच्या वाडीला मिळालं न्हाय, खालच्या वाडीला मिळालं न्हाय, ते मला मिळालंय. मी कशाला सोडू?"

भाऊ बायकोकडे वळले. "अगो, पन तूच बोललीस..."

"मी काय बोलले? गाडीवर बसनार न्हाय, येवडंच बोलले. नाव काडा असं कवा बोलले?"

"मंग कशापायी बसत न्हायस?"

"आता इचारताय?"

खरं तर सभा इथे तहकूब व्हायला हवी होती, पण कुणी जागचं हललं नाही. खालच्या वाडीतला एक म्हातारा तर चांगलं ऐकू यावं म्हणून पुढे येऊन बसला.

"पडले त्याचं काय न्हाय," काकी म्हणाल्या. "खड्डा व्हता, पडले. नवी गाडी, नवा चालवनारा. पन हे बोर्लीपतुर माज्याशी बोलत गेले. आख्खी वाट. स्कूटरचं सांगितलं, सुपारीचं सांगितलं, मला इचारलंबी असंल काय काय. आन मी येकदाबी उत्तर दिलं न्हाय, हे यांना कळलंच न्हाय. पिशवी लागली तवा कळलं. मी मागं हाय कं न्हाय, यांना काय फरक पडत व्हता? मंग कशाला बसायचं?"

कुणीही हसलं नाही. भाऊ काही तरी बोलायला गेले आणि तोंड उघडं ठेवूनच खाली बसले. ग्रामसेवक बराच वेळ पेन हातात धरून होता. मग त्याने सरपंचबाईंना हळूच विचारलं, "बाई, हे ठरावात घ्यायचं का?"

पुढचे काही दिवस त्या घरात राहणं मला जड गेलं. भाऊ बोलेनासे झाले. फाटकापर्यंत येत, पण गप्प. मी जीपमधून वळून पाहिलं तर तिथेच उभे, आणि तोंड बंद. खाली काकी सुपारी कातरतात त्याचा आवाज वर माझ्या खोलीत येई. मला त्यांच्या बडबडीची इतकी सवय झाली होती की मीच एकदा डांबराचा विषय काढून पाहिला. "असंल," एवढंच म्हणाले.

मग एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी चहा घेत होते.

"आज भाजी कशाची?" त्यांनी विचारलं. आणि थांबले.

हे थांबणं त्यांच्या अंगात नव्हतं, ते दिसतच होतं. ओठ हलत होते, पुढची चार वाक्यं आत दाटली होती. त्यांनी चौकट घट्ट धरली होती. काकींनी चुलीवरचं पाणी उतरवलं, भांडं पुसलं, फळीवरचा डबा काढला, तो परत ठेवला.

"वालाची," त्या म्हणाल्या.

"बरं," भाऊ म्हणाले आणि कपाळ पुसत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, पानी गरम झालं कं? तिसऱ्या दिवशी, पोरीचा फोन आलता कं? काकी दर वेळी उत्तराला मुद्दाम उशीर लावत, आणि तो उशीर रोज थोडा वाढवत. हे माझ्या लक्षात आलं आणि मी चहा संपला तरी कप घेऊन बसू लागले.

आमचा नवा पट्टा वाहतुकीला खुला झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बोर्लीचा बाजार होता. शेडवर पाटी चढली होती, पांढऱ्या अक्षरात : द्वारकीचा उतार. उतार कुठेच नव्हता. मी दुभाजकाचं शेवटचं माप तपासत माझ्या माणसांबरोबर तिथेच होते. काकी पाटीखाली पिशव्या घेऊन उभ्या होत्या. एसटी आली. मागून भाऊ आले, निळी स्कूटर, लाल सीट. पण ते एसटीच्या मागे थांबले नाहीत. पुढे येऊन काकींच्या समोर थांबले.

"येतेस कं?" त्यांनी विचारलं.

आणि थांबले. एसटीचा दरवाजा उघडा होता. खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. माझी माणसं टेप हातात तशीच धरून उभी. काकींनी आकाशाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"मावशी, काय ते ठरवा, गाडीला उशीर होतोय," कंडक्टर म्हणाला.

"जावा तुमी," काकी त्याला म्हणाल्या.

आणि त्या स्कूटरवर बसल्या. एसटीतून टाळ्या वाजल्या. मी माप टाकून जीपमध्ये चढले आणि ड्रायव्हरला म्हटलं, त्यांच्या मागे चल, हॉर्न वाजवू नकोस.

नव्या रस्त्यावर भाऊ बैलगाडीच्या वेगाने चालले होते. मान तिरकी करून काही तरी विचारत, काकी काही तरी सांगत, मग भाऊ मान डोलवत. असं चिंचेपर्यंत झालं. चिंचेपुढे त्यांनी पुन्हा विचारलं. काकी बोलल्या नाहीत. त्यांनी परत विचारलं. काकी बाजूच्या झाडांकडे पाहत होत्या.

भाऊंनी ब्रेक दाबला. महामार्गाच्या मधोमध, जिथे थांबायचं नाही असं मी स्वतः लिहून लावलंय, तिथे ते उभे राहिले आणि अख्खं अंग वळवून मागे पाहू लागले. आमच्या जीपच्या मागे मासळीचा टेम्पो थांबला, त्याच्या मागे मुंबईच्या दोन गाड्या. हॉर्न सुरू झाले. काकी सीटवर ताठ बसल्या होत्या, मांडीवर पिशव्या, नजर झाडांवर. त्यांनी टेम्पोवाल्याला एकदा शिव्या देऊ दिल्या. मग भाऊंकडे पाहिलं.

"हाय मी," त्या म्हणाल्या. "चला."

भाऊ निघाले. आणि पुढच्या वळणावर काकींनी पुन्हा तेच केलं.